लिव्हिंग विल: कागद करून घेताना आणि वापरताना आलेला अनुभव

महाराष्ट्रात आज कोणत्याही सज्ञान व्यक्तीला लिव्हिंग विल करून ते आपल्या महापालिकेकडे, नगरपालिकेकडे किंवा पंचायतीकडे जमा करता येते. पुढे कधी आपण बोलण्याच्या किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो आणि आजार बरा होण्याची आशा उरली नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करणे अशा उपायांनी आपला मृत्यू लांबवू नये, असे त्या कागदात लिहून ठेवायचे असते. माझी आत्या, माझे यजमान आणि मी अशा तिघांनी हा कागद केला आणि आत्याच्या बाबतीत तो वापरण्याची वेळही आली. एक सेवा म्हणून ही व्यवस्था कुठे नीट चालते आणि कुठे अडते, हे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण इच्छामरण हवे की नको यावर आपल्याकडे घराघरांत मते आहेत, पण कायद्याने आधीच हातात दिलेला हा कागद करून पाहिलेली माणसे फार थोडी भेटतात.

या सेवेत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी सांगायला हवे. डॉक्टरने औषध टोचून किंवा लिहून देऊन रुग्णाचा मृत्यू घडवून आणणे हा भारतात आजही गुन्हा आहे. आत्महत्येस अपप्रेरणा देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 खाली दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि डॉक्टरने स्वतःच्या हाताने इंजेक्शन दिले तर तो मनुष्यवध ठरतो. अमेरिकेतील ओरेगॉन, नेदरलँड्स, बेल्जियम, कॅनडा, न्यूझीलंड या ठिकाणी जे चालते ते इथे चालत नाही. लिव्हिंग विलमुळे फक्त एवढेच होते की, निरर्थक ठरलेला उपचार नाकारण्याचा किंवा थांबवण्याचा आपला हक्क आपण बेशुद्ध असतानाही शाबूत राहतो.

हा हक्क आपल्याला मिळाला त्याची सुरुवात मुंबईत झाली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला आणि पुढची जवळजवळ 42 वर्षे त्या त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली, ती सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली, परंतु ती फेटाळतानाच जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग काही अटींवर प्रथमच मोकळा केला. केईएमच्या परिचारिकांचा त्या याचिकेला ठाम विरोध होता. ज्यांनी चार दशके एका सहकारी बाईला बेडसोर होऊ दिला नाही, त्यांचे म्हणणे कायद्याच्या चर्चेत नेहमी तळटीपेसारखे येते. मला ते त्याहून मोलाचे वाटते, कारण मरणाबद्दलचा कोणताही निर्णय शेवटी शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातून पार पडतो. शानबाग 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या. त्यानंतर 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली.

मात्र 2018 ची पद्धत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, वैद्यकीय मंडळातल्या तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव असायला हवा होता आणि उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णालयात येऊन खात्री करावी अशी अपेक्षा होती. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच हे बदलण्याची विनंती न्यायालयाला केली आणि 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने पद्धत बरीच सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची, एवढे पुरते. आपल्या वतीने संमती देणारी एकाहून अधिक माणसे नेमता येतात. मी ज्या सेवेचे परीक्षण करत आहे ती ही, 2023 नंतरची.

कागद करण्याचे काम सोपे आहे, असे मी निःशंकपणे सांगेन. आत्या निवृत्त शिक्षिका असल्यामुळे सगळे तिला बाई म्हणत. तिने मजकूर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिला, मग मी तो टाइप केला. मजकुरासाठी वकील लागत नाही. लागते ती स्पष्टता, आणि खरा वेळ तिथे जातो. "मला यंत्रावर ठेवू नका" एवढे लिहून भागत नाही. न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक द्यायचे की नाही, चार दिवसांत निघेल असा श्वासाला मदत करणारा मास्क चालेल का, रक्त चढवायचे का, तोंडाने खाणे बंद झाल्यावर नाकातून नळी घालायची का, यांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. आत्याने मास्क चालेल, घशातली नळी नको, असे लिहिले. नाकातल्या नळीवर ती बराच वेळ अडली आणि शेवटी "भूक लागली असे मी खुणेने सांगितले तरच" अशी ओळ तिने घातली. ही ओळ कोणत्याही तयार नमुन्यात सापडणार नाही, म्हणून माझा सल्ला असा की, इंटरनेटवरचा नमुना आधाराला घ्यावा, पण त्यात नाव भरून तो तसाच छापू नये.

नोटरीने असा कागद पूर्वी पाहिला नव्हता. त्याने मुद्रांक कागदाचा आग्रह धरला, जी अट निकालात नाही, पण वाद न घालता आम्ही तो घेतला. आत्याला त्याने दोन प्रश्न विचारले, कोणाच्या दबावाखाली करत आहात का आणि यात काय लिहिले आहे ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि तिचे उत्तर ऐकून मगच शिक्का मारला. हे मला फार आवडले. इच्छेच्या खरेपणाची एवढी साधी परीक्षा प्रत्येक ठिकाणी झाली पाहिजे. साक्षीदार शेजारच्या इमारतीतले होते; नात्यातले किंवा वारसा मिळणारे साक्षीदार टाळणेच इष्ट. सगळा खर्च नोटरीचे शुल्क, मुद्रांक आणि झेरॉक्स एवढाच.

पुढची पायरी म्हणजे कागदाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे देणे, आणि तिथे गुणांकन खाली येते. न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे त्या अधिकाऱ्याने प्रतीचा सांभाळ करण्यासाठी एक अभिरक्षक, म्हणजे कस्टोडियन, नेमायचा असतो. महाराष्ट्रात हे काम बराच काळ कागदावरच होते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे लिव्हिंग विल केले, पण ते घ्यायला कोणी नेमलेलेच नाही असे दिसल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि 2024 मध्ये ती सुनावणीला आल्यावर राज्यभरात अभिरक्षक नेमल्याचे शासनाकडून सांगण्यात आले. नेमणूक झाली तरी आमच्या महापालिकेच्या आवक खिडकीवरील कर्मचाऱ्याला त्याची खबर नव्हती. त्याने मृत्यू हा शब्द वाचला आणि आम्हाला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीकडे पाठवले. ऐंशीच्या घरातल्या, वॉकर घेऊन उभ्या असलेल्या बाईला मृत्यू नोंदणीच्या रांगेत उभे करणे किती अपमानाचे आहे, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आले नसावे, पण कार्यालयाच्या वरिष्ठांच्या ध्यानात यायला हवे होते. अखेर आरोग्य विभागातल्या डॉक्टर बाईंनी कागद वाचला, आत्याला खुर्ची दिली, वहीत नोंद केली आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच दिली. त्या वहीपलीकडे काही यंत्रणा दिसली नाही. रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयाला ही प्रत खरी आहे का हे तपासायचे असेल तर ते कसे तपासणार, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. कागद डिजिटल आरोग्य नोंदीत जोडण्याची मुभा 2023 च्या आदेशात आहे. ती प्रत्यक्षात आणली तर निम्मा प्रश्न सुटेल.

शेजारी काय चालले आहे हेही पाहिले. गोव्यात मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात केली. केरळात कोल्लमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यासाठी माहिती कक्ष आहे. कर्नाटक शासनाने जानेवारी 2025 मध्ये रुग्णालयांनी वैद्यकीय मंडळे कशी नेमावीत याचे परिपत्रक काढले. ज्या राज्यातून अरुणा शानबाग यांचा खटला उभा राहिला त्या महाराष्ट्राने या बाबतीत एका डॉक्टरच्या याचिकेची वाट पाहावी, याचे मला वाईट वाटते.

आता वापराबद्दल. आत्याला फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो पसरलेला होता. केमोथेरपी थांबवण्याचा निर्णय तिने आणि तिच्या डॉक्टरांनी मिळून घेतला होता. एका रात्री तिला धाप लागली, गुंगी वाढत गेली आणि ती हाकेला ओ देईनाशी झाली, तेव्हा जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले. निवासी डॉक्टर तरुण होता आणि अत्यंत प्रामाणिकपणे तिला वाचवायला निघाला होता. त्याने माझ्यापुढे घशात नळी घालण्याच्या संमतीचा अर्ज ठेवला, मी त्याच्यापुढे आत्याचा कागद ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, हा आमच्या लीगलला दाखवावा लागेल, आणि लीगल सकाळी दहाला येतं." त्याने वरिष्ठांना फोन केला. त्यांनी फोनवर कागदातली मास्कची ओळ वाचून घेतली आणि नळी घालू नका, मास्कवर ठेवा, सकाळी बघू, असे सांगितले. आत्याने लिहिलेल्या त्या एका ओळीने त्या रात्री काम केले. ज्यांना वाटते की असे कागद कोणी वाचत नाही, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

पण कायद्यात सांगितलेली पद्धत तिथे कोणी सुरू केली नाही, कारण ती कशी सुरू करायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. आदेशानुसार रुग्णालयाने प्राथमिक मंडळ बसवायचे असते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात, आणि शक्यतो 48 तासांत त्यांनी मत द्यायचे असते. त्यानंतर दुय्यम मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात, त्यांनाही शक्यतो 48 तास. दोघांचे एकमत झाले आणि कागदात नेमलेल्या नातलगांनी संमती दिली की न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. एवढी सगळी तजवीज आहे, पण त्या रुग्णालयात नामनिर्देशित डॉक्टरांची यादी नव्हती आणि ती कोणाकडे मागायची हेही माहीत नव्हते.

मास्क आणि अँटिबायोटिक यांमुळे दुसऱ्या दिवशी आत्या शुद्धीवर आली, आणि तिने स्वतःच्या तोंडाने पुढचे उपचार नाकारून घरी जायचे आहे असे सांगितले. शुद्धीवर असलेल्या माणसाचा नकार पुरेसा असतो, त्यासाठी ना लिव्हिंग विल लागते ना मंडळ. तरीही रुग्णालयाने आमच्यापुढे डामाचा अर्ज ठेवला. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत, असे तो अर्ज सांगतो. आपल्या देशात आयुष्याच्या अखेरचे बहुसंख्य निर्णय या एका अर्जाच्या आडून होतात, हे अतिदक्षता विभागात काम केलेले कोणीही खासगीत सांगेल. पैसे संपले म्हणून नेणारे, आशा संपली म्हणून नेणारे आणि रुग्णाने सांगितले म्हणून नेणारे, सगळ्यांची सही त्याच कागदावर होते, आणि त्यानंतर रुग्णाला ना वेदनाशामक मिळते ना घरी काय करायचे याची चिठ्ठी. मी त्यावर सही केली नाही. आत्याच्या कर्करोगतज्ज्ञांनी मध्यस्थी केल्यावर, रुग्णाच्या इच्छेनुसार घरी सोडले, पुढे परिहारक उपचार, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार, चालू राहतील, असा वेगळा कागद मिळाला. हा कागद मागण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे आणि तो मागावा.

डॉक्टरांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. उपचार थांबवल्यावर दुसऱ्या शहरातून आलेला एखादा नातलग पोलिसांत जाईल, ही भीती त्यांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2024 मध्ये जीवरक्षक यंत्रणा थांबवण्याबद्दल मसुदा मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यामुळे डॉक्टरांवर कायदेशीर ताण येईल असा आक्षेप घेतला. मला हा आक्षेप पूर्ण पटत नाही, कारण लेखी पद्धत नसण्याने डॉक्टर अधिक उघडा पडतो. पण संसदेने या विषयावर कायदा केलेला नाही आणि सगळे न्यायालयाच्या निकालावर उभे आहे, हे खरे आहे.

घरी आल्यानंतर जी सेवा मिळाली तिला मी पूर्ण गुण देईन. एका धर्मादाय संस्थेचे पथक, डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक, घरी येत असे आणि एक पैसाही घेत नसे. महाराष्ट्रात या कामाला मोठी परंपरा आहे: मुंबईत वांद्रे येथे 1986 मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले, जे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, मानले जाते, आणि पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहारक उपचार केंद्र 1997 पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. तरीही बहुतेक कुटुंबांना ही नावे शेवटच्या आठवड्यात कळतात, आणि ज्यांना कर्करोग नाही, मूत्रपिंड किंवा हृदय निकामी झाले आहे, त्यांच्यासाठी दारे आणखी कमी आहेत.

पथकाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मॉर्फिन सुरू केले. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आणणारे औषध, असा आमच्या घरातही समज होता. त्यांनी तो शांतपणे दूर केला. धाप लागलेल्या माणसाला थोड्या मात्रेत दिलेले मॉर्फिन श्वासाची घुसमट कमी करते, मात्रा हळूहळू वाढवतात, आणि सोबत बद्धकोष्ठाचे औषध द्यावेच लागते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध इतके जखडले गेले होते की बहुतेक रुग्णालये ते ठेवतच नसत. 2014 च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, पण आजही तालुक्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळवणे सोपे नाही. परिचारिकेने मला आत्याला कुशीवर कसे वळवायचे, तोंड कोरडे पडल्यावर ओल्या कापसाने कसे पुसायचे, धाप वाढली की खिडकी उघडून चेहऱ्यावर पंखा कसा सोडायचा, हे हाताला धरून शिकवले. चेहऱ्यावर वारा लागला की घुसमट खरोखर कमी होते, हे मी स्वतः पाहिले.

आणि याच काळात आत्याने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी हे सगळे वादंग चालू आहे. ती डॉक्टरांना म्हणाली, "एखादं इंजेक्शन देऊन मला मोकळं करा ना." डॉक्टरांनी ते कायद्यात बसत नाही असे उत्तर दिले नाही. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "बाई, तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?" आम्हाला वाटले ती धाप म्हणेल, पाठीचे दुखणे म्हणेल. ती म्हणाली, रात्री कमोडवर बसवायला भाचीला उठवावे लागते, त्याचा. आयुष्यभर एकटीने राहिलेल्या, कोणाचे काही न घेतलेल्या बाईला ते असह्य होत होते. रात्रपाळीची मदतनीस ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण पुष्कळ उतरला. पण पुरता उतरला असे मी म्हणणार नाही, कारण काही दिवसांनी तिने तेच पुन्हा विचारले, आणि त्या वेळी तिच्या डोळ्यांत निराशा दिसली नाही, ठाम विचार दिसला. चांगली शुश्रूषा मिळाली की मरणाची मागणी विरून जाते, असे जे सरसकट सांगितले जाते, ते माझ्या अनुभवाला धरून नाही. बऱ्याच जणांची विरते, काहींची विरत नाही.

ओरेगॉनचे अहवाल हेच सांगतात. तिथला कायदा 1994 मध्ये मतदानाने मंजूर झाला आणि 1997 पासून अमलात आहे. रुग्ण सज्ञान हवा, दोन डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत मृत्यू संभवतो असे सांगायला हवे, आणि औषध रुग्णाने स्वतःच घ्यायचे. तिथे औषध मागणारे लोक कारण म्हणून वेदनेपेक्षा स्वातंत्र्य गमावणे, आवडीच्या गोष्टी करता न येणे आणि प्रतिष्ठा जाणे यांचा उल्लेख अधिक करतात. औषध लिहून घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ते घेतच नाहीत; ते हाताशी आहे एवढाच आधार त्यांना पुरतो. आणि ज्यांनी ते घेतले त्यांपैकी बहुतांश आधीपासून हॉस्पिसच्या देखरेखीखाली होते. शेवटची ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत कधीच ऐकू येत नाही. तिथे रुग्णापुढे चांगली शुश्रूषा आणि औषध असे दोन्ही पर्याय असतात, तेव्हा त्याच्या निवडीला निवड म्हणता येते.

आपल्याकडे तोच कायदा उद्या आणला तर काय होईल, याचा विचार मी त्या रुग्णालयाच्या बिल काउंटरसमोर बसून केला होता. माझ्या बाजूला सोलापूरकडचे एक कुटुंब बसले होते. शेत गहाण पडले होते आणि आजोबा आयसीयूत होते. त्या आजोबांना शुद्ध असती आणि कोणी कायदेशीर औषधाचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला असता, तर त्यांनी तो नातवंडांच्या शेतासाठी घेतला असता, यात मला शंका नाही. त्या निर्णयाला स्वेच्छा म्हणण्याची माझी तयारी नाही. दुसरीकडे, 2017 च्या अखेरीस मुंबईतील एका अपत्यहीन वृद्ध दांपत्याने कोणताही जीवघेणा आजार नसताना मरणाची परवानगी राष्ट्रपतींकडे मागितली होती, आणि कॅनडात 2016 चा कायदा मृत्यू समोर दिसत असलेल्यांसाठी होता, तो 2021 मध्ये इतरांनाही खुला झाला. सीमा सरकते ही विरोधकांची भीती काल्पनिक नाही. तरीही आत्यासारख्या माणसाला, जिला मरण अटळ आहे, शुश्रूषा मिळते आहे, पैशाची विवंचना नाही आणि बुद्धी लख्ख आहे, तिला नाही म्हणण्याचे कारण मला सापडलेले नाही. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला हृदयविकारानंतर अन्न, पाणी आणि औषध सोडले तेव्हा महाराष्ट्राने त्यांच्यापुढे हात जोडले. तोच मान सामान्य शिक्षिकेच्या निर्णयाला का मिळू नये?

म्हणून माझे मत असे आहे की, डॉक्टरांच्या साहाय्याने मृत्यूचा कायदा मरणासन्न रुग्णांपुरता एक दिवस यावा, पण त्याला लागणारी यंत्रणा आणि लिव्हिंग विलला लागणारी यंत्रणा एकच आहे. रुग्णाच्या इच्छेची खातरजमा करणारा माणूस, दोन स्वतंत्र तज्ज्ञ, वेळेवर मिळणारे मत, तक्रारीची जागा, आणि सर्वांत आधी मॉर्फिन. ज्या व्यवस्थेला आज अभिरक्षकाची खिडकी दाखवता येत नाही आणि दुय्यम मंडळाचा डॉक्टर नेमता येत नाही, तिच्या हाती मृत्यू देणारे औषध सोपवायला मी तयार नाही. ही सेवा हजारो लोकांनी वापरली, अडथळे लेखी नोंदवले, रुग्णालयांना मंडळे बसवायला भाग पाडले, तरच पुढच्या कायद्याची मागणी करायला पायाखाली जमीन असेल.

कागद करण्याच्या सोयीला पाचपैकी चार, महापालिकेच्या नोंदणीला दोन आणि रुग्णालयातल्या अंमलबजावणीला एक, तोही त्या रात्री फोन उचलणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरांमुळे. आत्या पुढे घरीच, झोपेत गेली. कागद दुसऱ्यांदा दाखवण्याची वेळ आली नाही.

ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. दीर्घ आजाराचे निदान झाले असेल तर तो आजार आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन मगच मजकूर लिहावा. आपल्या वतीने संमती देणाऱ्यांमध्ये निदान एक माणूस त्याच शहरात राहणारा असावा. मुले न्यू जर्सीत किंवा सिडनीत असतील तर त्यांची नावे जरूर घालावीत, पण रात्री रुग्णालयात उभा राहणारा शेजारी किंवा भाचा पहिल्या क्रमांकावर ठेवावा, आणि मुलांना मजकूर आधीच फोनवर वाचून दाखवावा, कारण सर्वांत जास्त वाद शेवटच्या विमानाने येणाऱ्या माणसाशी होतात. मत बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये, आजारपणाच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवावी, आणि महापालिकेच्या पोचेवर आवक क्रमांक व अधिकाऱ्याचे पदनाम वाचता येईल असे लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.